चवळी-तुरीच्या फुलोऱ्यातील निळे फुलपाखरू : फवारणी करावी का?

प्रश्न : चवळी आणि तूर फुलोऱ्यात असून त्यांवर लहान निळी फुलपाखरे फिरत आहेत. कळ्यांना भोके पडली असून त्यांवर मुंग्याही दिसतात. मुंग्यांसाठी भुकटी धुरळावी, की घाटे अळीचे (शेंगा पोखरणाऱ्या पतंगाच्या अळीचे) औषध फवारावे?

उत्तर : वर्णनावरून हे लॅम्पिडीस बोएटिकस जातीचे फुलपाखरू दिसते. पंख पसरल्यावर ते सुमारे 3 सेंटीमीटर भरते. नराचे पंख वरून जांभळट निळे असतात, तर मादी बरीचशी तपकिरी असते. पंख मिटून बसल्यावर खालच्या फिकट तपकिरी बाजूवर पांढऱ्या नागमोडी रेषा, मागच्या पंखाच्या कडेला दोन काळे ठिपके आणि केसासारखी शेपटी दिसते. ही शेपटी ते डोक्यावरच्या मिशीसारखी हलवत राहते, त्यामुळे भक्षकाचा घाव डोक्याऐवजी पंखावर बसतो.

फुलपाखरू स्वतः फक्त मध पिते. मादी कळ्यांवर सुटी, चपटी अंडी घालते आणि अळी कळीत शिरून आतला भाग पोखरते, पुढे कोवळ्या शेंगेतही जाते. घाटे अळी लांबट असते व शेंग खाताना अर्धे अंग बाहेर ठेवते. ही अळी मात्र आखूड, चपटी, गोगलगायीसारखी असून तिचे डोके अंगाखाली दडलेले असते. तिच्या पाठीवरील ग्रंथीतून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी मुंग्या येतात व बदल्यात तिची राखण करतात. कळ्या मुंग्यांनी पोखरलेल्या नसल्यामुळे भुकटीचा खर्च वाया जाईल. उलट मुंग्या जिथे घुटमळतात ती कळी उघडून पाहावी, अळी बहुधा तिथेच सापडते.

घाटे अळीच्या कामगंध सापळ्यात (मादी पतंगाच्या गंधाने नरांना ओढणाऱ्या सापळ्यात) हे फुलपाखरू येत नाही, म्हणून सापळा रिकामा आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. तशीच नुसती फुलपाखरे दिसली म्हणून फवारणीही करू नये, कारण तुरीची बरीच फुले एरवीही गळतात. शेतात ठिकठिकाणची झाडे निवडून कळ्या तपासाव्यात. अळ्या असल्यास 5 टक्के निंबोळी अर्क मधमाश्यांची वर्दळ थांबल्यावर, म्हणजे सायंकाळी, फवारावा आणि परसातील चवळीच्या पोखरलेल्या कळ्या वेचून नष्ट कराव्यात. प्रादुर्भाव वाढतच राहिल्यास त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असलेलेच कीटकनाशक वापरावे. चवळीच्या हिरव्या शेंगांची तोडणी चालू असेल तर लेबलवरील प्रतीक्षा कालावधी (फवारणी ते तोडणी यांमधले दिवस) पूर्ण झाल्याशिवाय शेंगा तोडून बाजारात नेऊ नयेत.