'मेमरीज ऑफ मर्डर'मध्ये खुनी शेवटपर्यंत सापडत नाही म्हणे. मग तो का बघायचा? संथ आहे का?

सापडत नाही, हे खरं. २००३ साली बोंग जून-हो यांनी हा सिनेमा केला तेव्हा कोरियात तो प्रत्यक्षातही सापडलेला नव्हता. ह्वासोंगच्या परिसरात १९८६ ते १९९१ या काळात दहा बायका-मुलींचे खून झाले आणि पोलीस चाचपडत राहिले. मग दिग्दर्शकाने काय, खोटा खुनी उभा करायचा?

पण मी लिहायला बसलो ते त्यातल्या पार्क दू-मान या पोलिसामुळे. (काम सोंग कांग-होचं, अफाट.) समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की आपल्याला गुन्हेगार ओळखू येतो, असा त्याचा दावा. त्याचा साहेब त्याला ठाण्यात बसलेली दोन पोरं दाखवतो. एक बलात्काराचा आरोपी, दुसरा त्याला पकडून आणणारा मुलीचा भाऊ. सांग, कोण कुठला? पार्क टक लावून बघतो. आणि सिनेमा उत्तर न देताच पुढे सरकतो.

असा पार्क माझ्या वाट्याला अकरावीत आला. हॉस्टेलच्या सहलीची वर्गणी माझ्याकडे होती आणि यादीशी ताडून पाहिली तर पैसे कमी भरले. रेक्टरांनी समोर उभं केलं, "माझ्या डोळ्यांत बघून सांग." मला कुणाच्याच डोळ्यांत बघून बोलता येत नाही, आजही नाही. मी त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत राहिलो. पांढऱ्या शर्टाला ते बटण काळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं. तेवढ्यावर निकाल लागला. तीन आठवड्यांनी कुणीतरी यादी नीट वाचली, तेव्हा कळलं की एका पोराचं नाव दोनदा लिहिलं होतं. पैसे कमी नव्हतेच. रेक्टर त्यावर अक्षर बोलले नाहीत, तेही मी गिळलं असतं. पण घरी दादा म्हणाला, "मग तू मान खाली का घातलीस?"

हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. म्हणून मी त्याला मुद्दाम हा सिनेमा दाखवला. गुन्ह्याच्या जागेवरच्या एकुलत्या एका पाऊलखुणेवरून ट्रॅक्टर जातो तिथे तो पोट धरून हसला. पुढे पार्क एका मंदबुद्धी पोराचा बूट घेऊन नवी खूण तयार करतो, तेव्हा हसायचा थांबला. त्या दोन पोरांच्या प्रसंगाला मी सिनेमा थांबवून विचारलं, "सांग, कोण?" दादा क्षणात म्हणाला, "डावीकडचा." कशावरून? "कळतं रे."

२०१९ मध्ये डीएनएवरून खुनी सापडला. मेहुणीच्या खुनासाठी आधीच जन्मठेप भोगत होता. जुन्या खुनांच्या खटल्याची मुदत २००६ मध्येच संपलेली, त्यामुळे त्यांची शिक्षा नाही. दादाचा लगेच फोन: "बघ, सापडला ना?" मी म्हटलं, अरे, त्याने कबूल केलेल्या खुनांपैकी एकासाठी भलत्याच माणसाने जवळजवळ वीस वर्षं तुरुंगात काढली, त्याचं काय? पोलिसांनी छळून जबाब घेतला होता. २०२० मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, तेही मी दादाला कळवलं. "ते कोरियात," म्हणाला.

असो. संथ मुळीच नाही, सव्वादोन तासांच्या आत आटोपतो. रक्त फारसं दिसत नाही. पाऊस, अंधारी भातशेतं, एकटी चाललेली बाई आणि मागे भातातून क्षणभर वर आलेलं डोकं, एवढ्यावरच भागवलंय. पळापळ आणि गोळीबार हवा असेल तर नका बघू. "मला माणूस बघताक्षणी कळतो" म्हणणारं कुणी घरात असेल तर त्याला शेजारी बसवा आणि त्या प्रसंगाला थांबवून विचाराच.

हो, एक राहिलं. पोलिसांची मारहाण बरीच आहे आणि ती मधूनच विनोदी ढंगाने येते, काहींना खुपेल. मेलेल्या बायका माणूस म्हणून फारशा कळत नाहीत, हा दोष मलाही मान्य.

शेवटी पार्क थेट पडद्यातून आपल्याकडे बघतो, बराच वेळ. दादा तेव्हा खाली वाकून रिमोट शोधत होता. रिमोट माझ्या हातात होता.