दुखत नाही, तरी दाखवा
वाचकांचे प्रश्न : कान-नाक-घसा

मागच्या अंकात तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांची चळतच आली. बहुतेक पत्रं बायकांची, आणि दुखणं नवऱ्याचं, भावाचं नाहीतर आईचं. पुरुष स्वतःच्या तोंडाबद्दल लिहीत नाहीत, हा माझा दवाखान्यातलाही अनुभव. म्हणून या वेळी सगळी जागा तोंड, घसा आणि मानेच्या कॅन्सरलाच देते आहे.

"माझे मिस्टर कारखान्यात टॉवेलच्या मागावर आहेत. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून मावा खातात. उजव्या गालात आतून दोन महिने जखम आहे, दुखत नाही म्हणतात. मेडिकलवाल्यानं जेल आणि बी-कॉम्प्लेक्स दिलं. आता आठ दिवस झाले, कान ठणकतोय. दातांचे डॉक्टर तुकडा काढून तपासू म्हणतात. सासूबाई म्हणतात, हत्यार लावलं की पसरतं. काय करू?" – साखर पेठ

ताई, सासूबाईंचा मान ठेवा आणि तुकडा याच आठवड्यात काढून घ्या.

साधं तोंड आलं तर आठ-दहा दिवसांत भरून येतं. टोकदार दात गालाला घासून झालेली जखमही तो दात गुळगुळीत केला की दोन आठवड्यांत बरी होते. तीन आठवडे उलटले आणि जखम तशीच, तर जेल बंद, तपासणी सुरू. इथं दोन महिने झालेत. 'दुखत नाही' म्हणून लोक निवांत राहतात, पण हा आजार सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुखायला लागतो तोवर तो खोल गेलेला असतो. कान ठणकतोय म्हणून कानात थेंब घालत बसू नका. तोंडाच्या, घशाच्या आणि कानाच्या संवेदना त्याच नसांतून जातात, त्यामुळे दुखणं गालात किंवा जिभेच्या मुळाशी आणि कळ कानात, असं होतं. कान तपासला तर स्वच्छ निघतो.

मी अशा जखमेवरून हातमोजा घालून बोट फिरवते. साध्या छाल्याची कड मऊ लागते. कॅन्सरच्या जखमेची कड टणक, थोडी वर आलेली असते, आणि बोट लागलं की पटकन रक्त येतं. तुम्हीही आज मोबाईलचा टॉर्च लावून त्यांचा गाल बोटानं बाहेर ओढून बघा. मावा धरायची जागा आणि जखमेची जागा एकच निघेल, असा माझा अंदाज. आजूबाजूला पांढरा किंवा लाल मखमली चट्टा आहे का, जवळचा दात हलतो का, जबड्याखाली गाठ लागते का, एवढं पाहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त वाईट.

आता हत्याराचं. जागा बधिर करून हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा काढतात, लागला तर एखादा टाका घालतात, आणि माणूस चालत घरी जातो. त्यानं कॅन्सर पसरत नाही. मग ही समजूत आली कुठून? माणूस आधीच उशिरा येतो. रिपोर्ट हातात आल्यावर घाबरून आणखी महिना-दोन महिने झाडपाल्यात घालवतो. तेवढ्यात गाठ वाढते आणि बोल लागतो हत्याराला. तुकड्याच्या रिपोर्टशिवाय कुठलाही शहाणा डॉक्टर ऑपरेशनही करणार नाही आणि शेकही (रेडिएशन) देणार नाही.

आणि मावा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घासून द्यायला कोण अडवतंय? सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत नंबर आहे. फोन मात्र मिस्टरांनीच करायचा, तुम्ही नाही.

"वय २४. तंबाखूला हात लावत नाही, फक्त सुगंधी सुपारीची पुडी. हल्ली पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही आणि तिखट सहन होत नाही. जबड्याला लचक भरली असेल का?" – जुळे सोलापूर

लचक नाही रे बाबा. आरशासमोर उभा राहा आणि स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघ. तीन गेली तर ठीक. दोनच जात असतील तर गालाची आतली कातडी आखडायला लागली आहे. हे काम सुपारीचं, तंबाखूचा त्यात संबंध असायलाच हवा असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलंय, तेही २००४ साली. पुडीवर 'तंबाखूविरहित' छापलेलं वाचून तुझ्यासारखी कितीतरी शिकलेली पोरं फसतात, आणि आईबापही 'सुपारीच खातो ना' म्हणून डोळेझाक करतात.

आखडलेली कातडी पूर्ण पहिल्यासारखी होत नाही, हे स्पष्ट सांगते. सुपारी आज थांबवलीस तर आखडणं बहुधा थांबतं. तोंड उघडायचे व्यायाम आणि गालातली इंजेक्शनं यांनी थोडी जागा परत मिळते. या दुखण्यातल्या काही जणांना पुढं कॅन्सर होतो, म्हणून सुपारी सोडल्यावरही दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायचं. लग्नात बडीशेप खा.

"निवृत्त शिक्षक. दोन महिने आवाज बसलाय. पूर्वी विडी ओढत होतो. मधाचं चाटण चालू आहे." – अक्कलकोट

गुरुजी, चाटण घ्या, पण या आठवड्यात दुर्बिणीनं घसाही बघून घ्या. तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज नुसत्या सर्दीचा नसतो. स्वरतंतूवर बारीकशी गाठ आली तरी आवाज लगेच बदलतो, त्यामुळे हा कॅन्सर लवकर सापडू शकतो. लवकर सापडला तर नुसत्या शेकानं किंवा लेझरनं बहुतेकांचा बरा होतो आणि आवाजही राहतो. कदाचित काही निघणारही नाही. गिळताना अडकणं, थुंकीत रक्त किंवा दम लागणं यातलं काहीही असेल तर उद्याच या.

"आई विड्या वळते. तंबाखू हाताशीच, मिसरी तर लहानपणापासून लावते. खालच्या हिरडीला कॅन्सर निघाला. जबड्याचा तुकडा काढणार, वर मानेवरही चीर घेणार म्हणतात. मानेत गाठ नाही, मग मान कशाला कापायची? नंतर लाईट द्यावी लागेल म्हणे. आई म्हणते, असं तोंड घेऊन जगण्यापेक्षा नको. आणि पैसे?" – नीलम नगर

बाळ, तुझ्या पत्रात चार पत्रं आहेत. सावकाश घेऊ.

मानेबद्दलची तुझी शंका डॉक्टरांनाही अनेक वर्षं होती. तोंडाचा कॅन्सर पहिल्यांदा मानेतल्या लसीकाग्रंथींत, म्हणजे गाळणीसारखं काम करणाऱ्या बारीक गाठींत, उतरतो, आणि सुरुवातीला हाताला गाठ लागत नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं याचाच अभ्यास केला. काही रुग्णांच्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, काहींच्या गाठ दिसली तेव्हा. २०१५ साली निकाल आला: तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले साडेसदुसष्ट टक्के. मानेवरची चीर म्हणजे डॉक्टरांची हौस नाही.

तोंडाच्या कॅन्सरला शक्य असेल तर आधी ऑपरेशनच. गेलेल्या जागी छातीचं मांस वळवून लावतात, किंवा पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड आणून जबडा उभा करतात. त्या हाडाशिवाय चालता येतं. चेहरा थोडा बदलतो, पहिले काही महिने बोलणं अस्पष्ट येतं. आईला हे आधीच सांग, लपवू नका. ऑपरेशन झालेली एखादी बाई भेटवून द्या. माझ्या तासभर बोलण्यानं जे होत नाही ते अशा बाईच्या शेजारी बसून चहा प्यायल्यानं होतं.

लाईट, म्हणजे शेक, लागेल की नाही ते काढलेल्या भागाच्या रिपोर्टवर ठरतं. लागली तर ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी. आठवड्यातले पाच दिवस, साधारण सहा आठवडे. रोजचं काम काही मिनिटांचं, चेहऱ्यावर जाळीचा साचा बसवून करतात. ग्रंथीच्या बाहेर आजार फुटला असेल किंवा काढलेल्या भागाच्या कडेला शिल्लक असेल तर सोबत केमोही देतात. किडलेले दात मात्र शेक सुरू व्हायच्या आधीच काढून घ्यायचे. नंतर काढले तर जबड्याचं हाड सडायची भीती असते, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, चव जाते, थुंकी आटते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी काही महिने विसरा. दुधात कुस्करलेली भाकरी, बिनतिखटाची दाण्याची आमटी, पातळ खिचडी, अंडं चालत असेल तर मऊ ऑम्लेट. गिळवेना तर नाकातून नळी घालतात. त्याला 'शेवटचं' समजू नका. ताकद टिकली तर शेकात खंड पडत नाही, आणि खंड पडणं आजाराच्या पथ्यावर पडतं. तोंड आखडू नये म्हणून आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि दर आठवड्याला जमेल तशी एक वाढवायची.

पैशांचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठ, किंवा १५५३८८ ला फोन कर. आपल्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणीही १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. सोलापूर सोडून मुंबईलाच जायला हवं, असं प्रत्येकाच्या बाबतीत नसतं.

आणि मिसरी ऑपरेशनच्या आधीच बंद. 'आता काय फरक पडतो' हे ऐकायचं नाही. तीच सवय राहिली तर उरलेल्या तोंडात दुसरा कॅन्सर उगवू शकतो.

"सासऱ्यांना जिभेचा कॅन्सर आहे. लहान मुलं त्यांच्या ताटात जेवतात. चालेल का?" – पत्ता दिलेला नाही

चालेल. कॅन्सर उष्ट्यानं लागत नाही. सासऱ्यांचं ताट वेगळं काढलं असेल तर आज परत पंगतीत मांडा. फक्त त्यांची तंबाखूची डबी मुलांच्या हाती लागणार नाही एवढं बघा.