दोन भाऊ, दोन माइक आणि क्वीन्सचं पाणी

गेल्या अंकात एका उत्तरात मी 'ऑक्सिमॉरन्स' हे नाव सहज एका ओळीत टाकलं आणि पुढे गेलो, तर तुम्ही मंडळी काय सोडताय! या वेळची निम्मी पत्रं त्यावरच आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यात.

दादा, हे ऑक्सिमॉरन्स कोण? रॅपवाले की रॉकवाले? माझा मुलगा म्हणतो की ही सगळी लिंकिन पार्कची कॉपी आहे. (नाशिकहून एक आई)

ताई, मुलाला म्हणावं घाई करू नकोस. हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला बॅण्ड. डी आणि के. आय. हे दोघे सख्खे भाऊ, आडनाव बेलव्ह्यू, घराणं मूळचं हैतीचं. दोघेही पुढे माइकवर असतात, मागे ड्रम्सवर मॅटी मेझ आणि गिटारवर जाफे पॉलिनो. रॅप की रॉक हे विचाराल तर दोन्ही, म्हणजे एका गाण्यात रॅप आणि दुसऱ्यात गिटार असं नाही हां, एकाच गाण्यात कडवं रॅपमध्ये आणि कोरस गळा काढून, खाली जाडजूड रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा, चालूच. नाव पण तसंच आहे, ऑक्सिमोरॉन म्हणजे एकमेकांच्या विरुद्ध अर्थाचे दोन शब्द शेजारी बसवणं, फक्त यांनी स्पेलिंगमध्ये एक आर जास्तीचा घातलाय.

आता कॉपीचं. लिंकिन पार्क या रॅप-रॉक बॅण्डचा 'हायब्रिड थिअरी' हा अल्बम आला २००० मध्ये, आमच्या पिढीने त्याची पारायणं केली, मान्य. पण त्याच्या १६ वर्षं आधी, १९८४ मध्ये, रन-डीएमसी या रॅप ग्रुपने 'रॉक बॉक्स' गाण्यामध्ये रॅपखाली खरीखुरी कर्कश इलेक्ट्रिक गिटार वाजवून घेतली होती. ही पोरं कुठली? क्वीन्समधल्याच हॉलिसची! मग १९८६ ला एरोस्मिथ या रॉक बॅण्डबरोबर 'वॉक धिस वे', ज्याच्या व्हिडिओत शेजारशेजारच्या दोन खोल्यांमधली भिंत फोडतात, ते अमेरिकेच्या बिलबोर्ड चार्टवर चौथ्या नंबरपर्यंत गेलं. आणि १९९१ मध्ये रॅपवाल्या पब्लिक एनिमीबरोबर 'ब्रिंग द नॉइज' करणारे मेटलवाले अँथ्रॅक्स, ते पण क्वीन्सचेच. पाणीच तसं आहे तिथलं. त्यामुळे बेलव्ह्यू बंधू कॉपी करत असतील तर गल्लीतल्या थोरल्यांची करताहेत, कॅलिफोर्नियाच्या लिंकिन पार्कची नाही.

एवढे चांगले आहेत तर पहिला फुल अल्बम यायला २०२३ का उजाडलं? आळशी आहेत का? (पुणे)

आळशी नाहीत हो. त्याआधी बरीच वर्षं सिंगल (सुटी गाणी), ईपी (अल्बमपेक्षा छोटा गाण्यांचा संच), गिग्स चालूच होतं. माझं मत विचाराल तर घोळ रेकॉर्डच्या दुकानातल्या खान्यांचा, म्हणजे कप्प्यांचा आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकापासून रेकॉर्ड कंपन्या काळ्या लोकांचं संगीत 'रेस रेकॉर्ड्स' अशा वेगळ्या नावाने विकायच्या, बिलबोर्डने हे नाव १९४९ मध्ये बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं, पण नाव बदलल्याने खाना थोडाच जातो. गोऱ्यांनी गिटार घ्यायची, काळ्यांनी रॅप करायचा, आणि गंमत बघा की ज्या चक बेरीने रॉक अँड रोलची गिटार कशी वाजवायची ते जगाला शिकवलं तो काळाच होता! १९८५ मध्ये गिटारवाला व्हर्नन रीड वगैरे मंडळींनी न्यूयॉर्कमध्ये 'ब्लॅक रॉक कोअ‍ॅलिशन' ही काळ्या रॉकवाल्यांची संघटना काढली ती याच वैतागातून. मग असा बॅण्ड आला की रॉकवाले म्हणणार हे रॅप आहे, रॅपवाले म्हणणार हे रॉक आहे, आणि रेडिओवाला दोघांकडे बघून तिसरंच काहीतरी लावणार.

बेलव्ह्यू बंधूंनी हाच मुद्दा टायटलमध्ये घेतला. २०२१ च्या ईपीचं नाव 'मोहॉक्स अँड ड्युरॅग्स', मोहॉक म्हणजे पंकवाल्यांचा तो कोंबड्याच्या तुऱ्यासारखा कट, आणि ड्युरॅग म्हणजे काळी पोरं केस बसवायला डोक्याला बांधतात तो कपडा. दोन्ही एकाच बॅण्डच्या डोक्यावर! ही ईपी फीव्हर ३३३ या बॅण्डच्या जेसन बटलरच्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीतून आली, तोही याच मिश्र भाजीतला माणूस. त्यानंतर २०२३ चा अल्बम 'मेलॅनिन पंक', मॅस्कॉट रेकॉर्ड्सवर. मेलॅनिन म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, नावात सगळं आलंच.

मी आणि धाकटा भाऊ बॅण्ड चालवतो, तो रॅप करतो, मी गिटार. रोज भांडणं. आई म्हणते बॅण्ड बंद करा नाहीतर वेगळे राहा. काय करू? (कोल्हापूर)

आईचं म्हणणं टाकाऊ नाही, भाऊबंदकी ही काय फक्त जमिनीवरूनच होते असं नाही. ओअ‍ॅसिस या इंग्लिश बॅण्डचे गॅलाघर बंधू २००९ मध्ये पॅरिसला भांडून जे फुटले ते परत एका स्टेजवर यायला २०२५ उजाडलं. द किंक्स या त्याहून जुन्या इंग्लिश बॅण्डचे डेव्हिस बंधू तर भांडणांसाठीच प्रसिद्ध. दोन्हीकडे एक गोष्ट सेम दिसते, गाणी जवळजवळ सगळी एकाच भावाच्या डोक्यातून, आणि दुसऱ्याला वाटत राहतं की आपण काय नुसतेच हमाल? याउलट रन-डीएमसीमध्ये 'रन' नावाचा रॅपर स्टेजवर आणि त्याचा थोरला भाऊ रसेल सिमन्स मागे मॅनेजरगिरीला, म्हणजे दोघांची शेतं वेगळी, बांधावरून वाद नाही. ऑक्सिमॉरन्सचं तिसरंच, दोघेही माइकवर समोर, कुणी कुणाच्या मागे उभा नाही.

तुमच्यासाठी सरळ काम सांगतो. गाणं तयार झालं की त्याच दिवशी कागदावर लिहा, शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के. शब्द आणि चालीची रॉयल्टी वेगळी मिळते, आपल्याकडे त्यासाठी आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था आहे, दोघेही आपापल्या नावाने मेंबर व्हा. आज पैसे शून्य आहेत म्हणूनच आज लिहा, शून्याचे वाटे करताना कुणी भांडत नाही. आणि प्रॅक्टिस घरात करू नका, आईसाठी सांगतोय.

कुठून ऐकायला सुरुवात करू? वेळ कमी आहे. (ठाणे)

आधी 'जस्टिस' हे एकच गाणं, मोठ्या आवाजात, मोबाईलच्या स्पीकरवर नको. आवडलं तर २०२१ ची ईपी सलग. 'मेलॅनिन पंक' शेवटी, मला तो थोडा जास्तच पॉलिश केलेला वाटतो, ईपीचा खडबडीतपणा त्यात कमी झालाय, पण माझ्या पुतणीला नेमका तोच जास्त आवडतो आणि आमच्याकडे गाडीत ब्लूटूथ तिच्याच फोनला असतो.