वाचकांचे प्रश्न : नदीचे पाणी गावकऱ्यांनी तपासावे का?

प्रश्न : वाळवंटी नदीच्या काठावरील आमच्या गावात काही तरुण आणि निवृत्त शिक्षक मिळून आम्ही नदीच्या पाण्याची नियमित तपासणी सुरू करण्याच्या विचारात आहोत. बाजारात मिळणाऱ्या साध्या संचाने घेतलेल्या नोंदींना काही शास्त्रीय किंमत असते का, आणि त्या घेऊन गेल्यास सरकारदरबारी कोणी दखल घेईल का? — एक वाचक, साखळी

उत्तर : किंमत असते, मात्र ती संचापेक्षा नोंदी कशा ठेवल्या जातात यावर अधिक अवलंबून असते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीवरील ठरावीक ठिकाणांहून साधारणतः महिन्यातून एकदा नमुने घेते. त्याच्या प्रयोगशाळेची अचूकता तुम्हाला गाठता येणार नाही आणि ती गाठण्याची गरजही नाही. पण मंडळाचा नमुना कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी घेतलेला असतो. रविवारी रात्री एखाद्या नाल्यातून सोडलेले सांडपाणी तोवर कधीच खाली वाहून गेलेले असते आणि ते वाहत असताना काठावर हजर असणारी माणसे गावचीच असतात. स्वयंसेवकांचे खरे बळ या सततच्या हजेरीत आहे, आणि म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी व ठरलेल्या वेळी घेतलेली साधी नोंद ही वर्षातून दोनदा महागड्या उपकरणाने घेतलेल्या नोंदीपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

संच विकत घेण्याआधी ठिकाणे ठरवा. ज्या नाल्याचा संशय आहे त्याच्या वरच्या अंगाला एक, नाल्याचे पाणी नदीत पुरते मिसळल्यावर खाली एक, आणि जिथे काहीच वावगे घडत नाही असे वाटते अशा जागी तिसरे. हे तिसरे ठिकाण उत्साहाच्या भरात बहुतेक गट वगळतात आणि पुढे तेच नडते. गोव्यातील डिचोली, सत्तरी आणि सांगे तालुक्यांत खनिजाच्या ढिगाऱ्यांवरून माती वाहून नदीत येते हे खरे. परंतु आपली जमीनच जांभ्याची असल्यामुळे पहिल्या मोठ्या पावसात खाणीचा वाराही न लागलेला ओहोळ लालच वाहतो. त्यामुळे लाल पाण्याचे छायाचित्र एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. त्याच पावसात, त्याच दिवशी, खाण नसलेल्या ओहोळाच्या पाण्याची नोंद शेजारी मांडता आली, तरच फरक दाखवता येतो. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे काही काळ चालू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. या सगळ्या काळातील पावसाळ्यांच्या गढूळपणाच्या नोंदी काठावरच्या गावांच्या वह्यांत असत्या, तर आज केवढा पुरावा हाती असता!

गढूळपणा मोजण्यासाठी यंत्र लागत नाही. एक पारदर्शक नळी, तिच्या तळाशी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची चकती आणि बाजूला चिकटवलेली मोजपट्टी एवढे पुरे. वरून पाहत नमुना हळूहळू ओतावा आणि चकती दिसेनाशी झाली की पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये लिहावी. उन्हात नव्हे, सावलीत. आणि गाळ तळाशी बसण्याच्या आत. दोघांनी एकमेकांचा आकडा न पाहता हे करावे, आणि दोन आकड्यांत मोठी तफावत आली तर तिसऱ्यांदा मोजावे.

गोव्यात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे भरती-ओहोटी. मांडवीत भरतीचा प्रभाव मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. वाळवंटीच्या खालच्या भागातही भरतीच्या वेळी प्रवाह मंदावतो आणि नाल्याची घाण, जिला आपण ‘खालची’ समजतो, ती वरच्या अंगाला रेंगाळू शकते. ज्या नोंदीपुढे भरतीची वेळ लिहिलेली नाही ती नोंद अर्धीच समजावी. खारटपणाचा संशय असेल तर विद्युतवाहकता मोजणारे खिशात मावणारे मीटर घ्या. घाटातून येणाऱ्या गोड्या पाण्यात तो आकडा अगदी लहान असतो, समुद्राच्या पाण्यात तो सुमारे ५०,००० मायक्रोसीमेन्सपर्यंत जातो, त्यामुळे समुद्राच्या पाण्याचा नुसता एक टक्का मिसळला तरी आकडा पाचशेच्या आसपास वाढलेला दिसतो.

आता सरकारदरबाराविषयी. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१ नुसार सांडपाण्याच्या नमुन्याचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरायचा, तर तो नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, संबंधितांना सूचना देऊन आणि मोहोरबंद करून, ठरलेल्या रीतीने घेतलेला असावा लागतो. तुमची वही त्याची जागा घेऊ शकत नाही. ती अधिकाऱ्यांना एवढे मात्र नेमके सांगू शकते की नमुना कुठे, कोणत्या वारी आणि किती वाजता घ्यायला हवा. ‘नदी घाण झाली आहे, कृपया लक्ष द्यावे’ अशा अर्जावर काय होते हे आपण सर्वच जाणतो. ‘गेल्या चार महिन्यांत पुलाखालील नाल्याजवळ शनिवारी सायंकाळी सातनंतर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन सातत्याने लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली आढळतो, वरच्या अंगाला तो ६ आहे’ असा अर्ज बाजूला सारणे तितकेसे सोपे नसते. त्याची एक प्रत पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात तिची नोंद होईल असे पाहा. मंडळाचे स्वतःचे आकडे माहितीच्या अधिकाराखाली मागवून आपल्या आकड्यांशी ताडून पाहणेही शहाणपणाचे ठरते. त्यात अधूनमधून तुमचाच संच चुकत असल्याचे निघेल. तेही लिहून ठेवा.

आणि ज्या आठवड्यांत काहीच वेगळे आढळणार नाही, त्या आठवड्यांचे आकडेही तितक्याच निगुतीने लिहा. फक्त पाणी काळे दिसले की धावत जाऊन घेतलेल्या नोंदींवरून नदी बिघडत चालली आहे की नेहमीसारखीच आहे हे कोणालाही सांगता येत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळातील मुलांनी खांडेपार नदीच्या एका बंधाऱ्याजवळ विरघळलेला ऑक्सिजन मोजला. सकाळी साडेसहाला तो लिटरला ४.२ मिलिग्रॅम आला आणि त्याच दिवशी दुपारी तीनला ९.१. पाण्याचे तापमान दुपारी २९ अंश होते. संच सदोष आहे की मुलांचे काही चुकले? — एक शिक्षिका, फोंडा तालुका

उत्तर : बहुधा दोन्ही आकडे बरोबर आहेत, आणि मुलांनी एक महत्त्वाची गोष्ट पकडली आहे. २९ अंश तापमानाचे गोडे पाणी हवेतून फार तर ७.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवते. ९.१ हा आकडा त्याहून वर आहे, म्हणजे वरचा ऑक्सिजन पाण्यातच तयार झाला. पावसाळ्यानंतर बंधाऱ्याला फळ्या लावल्या की पाणी थांबते, उन्हात तापते, आणि त्यात साबणाचे, सांडपाण्याचे किंवा शेतातील खताचे अंश असतील तर शेवाळ फोफावते. दिवसा प्रकाशात हे शेवाळ ऑक्सिजन सोडते. रात्री तेच शेवाळ आणि तळाचे जीवाणू तो वापरत राहतात, त्यामुळे सर्वांत कमी आकडा पहाटे मिळतो. मासे मरतात तेही बहुधा पहाटेच. तुमच्या मुलांनी नेहमी शाळा सुटल्यावरच मोजमाप केले असते, तर ही नदी उत्तम प्रकृतीची असल्याचा निष्कर्ष त्यांच्या वहीत गेला असता.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत, शुद्धीकरणानंतर पिण्यासाठी वापरायच्या नदीत ऑक्सिजन किमान ४ आणि जैविक ऑक्सिजन मागणी (पाण्यातील घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) फार तर ३ मिलिग्रॅम असावी लागते. अंघोळीच्या पाण्यासाठी ऑक्सिजनची किमान मर्यादा ५ आहे. ओपा येथील जलशुद्धीकरण केंद्र याच नदीचे पाणी उचलते, त्यामुळे ४.२ हा आकडा घाबरण्याजोगा नसला तरी पहाटेची नोंद चालू ठेवण्याजोगा नक्कीच आहे.

एवढी खात्री मात्र करून घ्या की बाटली पाण्याखाली बुडवून, तिरकी धरून, हळूच भरली जाते आणि झाकण लावल्यावर तिच्यात एकही बुडबुडा राहत नाही. संचातील पहिली दोन रसायने घातल्यावर तपकिरी साका बसला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, साका पांढरा राहिला तर जवळजवळ नाही. रसायने घालण्याचे काम नदीवरच करावे. बाटली शाळेत आणून दुसऱ्या तासाला मोजल्यास तो आकडा नदीचा राहत नाही. तिसरे रसायन तीव्र आम्ल असते, तेव्हा ते शिक्षकांनीच हाताळावे.

प्रश्न : काळी पडणाऱ्या बाटलीची चाचणी नदीच्या पाण्यावर केली. दुसऱ्या दिवशी बाटली काळीकुट्ट झाली. नदीत मैलापाणी सोडले जाते असे आम्ही म्हणावे का? — एक वाचक, काणकोण

उत्तर : एवढ्यावरून म्हणू नये. १९८२ मध्ये भारतातच मांडली गेलेली ही चाचणी विहिरीच्या आणि नळाच्या पाण्यासाठी आहे. हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करून बाटली काळी करणारे जीवाणू बहुधा मैल्याबरोबर येतात, म्हणून स्वच्छ विहिरीची बाटली काळी पडली तर तो इशारा ठरतो. उघड्या नदीत गुरे, पक्षी आणि रानातील जनावरे या सर्वांचाच वाटा असतो, त्यामुळे तेथे बाटली काळी होणे ही नेहमीची गोष्ट आहे. ती किती तासांत काळी झाली याची वरच्या व खालच्या ठिकाणची तुलना थोडा अंदाज देईल, पण मैलापाण्याचा आरोप करायचा असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म (फीकल कोलिफॉर्म) जीवाणूंची संख्या मोजून घ्या. नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, शक्यतो सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवा. नदीकाठच्या घरांच्या विहिरींवर मात्र हीच बाटली आजपासून जरूर वापरा.