नोंद हलवायची, पण हक्क किती द्यायचा?

डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे संस्थेतल्या माणसांची खाती झाडासारख्या फांद्यांवर मांडून ठेवणारा सर्व्हर. त्यातली नोंद एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर न्यायची तर कोणाला कोणता हक्क द्यायचा, हे मला इतक्या जणांनी विचारलं आहे की आता एकत्रच उत्तरं देतो.

प्राध्यापकांचा फक्त यूआयडी (लॉगिनचं नाव) बदलायचा आहे, फांदी तीच. हेही हलवणंच का? (फोंडा)

ऑपरेशन तेच, मॉडिफाय डीएन. डीएन म्हणजे नोंदीचा झाडातला पूर्ण पत्ता. नवा पालक, म्हणजे नवी वरची फांदी, दिला नाही तर फक्त नाव बदलतं, आणि त्यासाठी किमान नावाच्या ॲट्रिब्यूटवर (नोंदीतल्या त्या रकान्यावर) लिहिण्याचा हक्क लागतो. डिरेक्टरीशी बोलण्याचा प्रोटोकॉल म्हणजे एलडॅप, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत एवढंच करता यायचं. फांदी बदलण्याची सोय 1997 च्या तिसऱ्या आवृत्तीत आली.

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नव्या ओयूवर (फांदीवर) ‘क्रिएट चाइल्ड’, म्हणजे खाली नोंद घालण्याचा हक्क, दिला, तरी हलवताना ‘ॲक्सेस डिनाइड’. (मडगाव)

त्या नोंदीवर चुकून पुसली जाऊ नये म्हणून संरक्षणाची खूण असेल. तिथे हलवायला जुन्या जागी पुसण्याचा हक्क लागतो आणि ती खूण नेमका तोच नाकारते. खूण काढा, हलवा, लगेच पुन्हा लावा. सगळ्या ओयूवरची खूण कायमची काढून टाका असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

आमच्या हॉटेलचे हंगामी कामगार पावसाळ्यात ‘ऑफ सीझन’ फांदीवर जातात, ऑक्टोबरात परत येतात. हे काम एचआरच्या मुलीकडे द्यायचं आहे. सर्व्हर थ्री एट नाइन (389 डिरेक्टरी सर्व्हर). सॉफ्टवेअर विकणारा म्हणतो, दोन्ही फांद्यांवर ‘ॲड’ आणि ‘डिलीट’ देऊन टाका. (कळंगुट)

देऊ नका. हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की विकणाऱ्यांच्या बॅगेत तो छापूनच येतो की काय अशी शंका येते. ‘ॲड’ मिळाला की ती मुलगी कामावर नसलेला माणूस चालू फांदीवर निर्माण करू शकते. ‘डिलीट’ मिळाला की कोणालाही पुसू शकते. तुम्हाला यातलं काहीच नको आहे, तुम्हाला फक्त हलवायचं आहे. जुन्या आवृत्त्यांत नव्या जागी ‘ॲड’ लागायचा, ही सवय तिथून आलेली. आता त्या सर्व्हरमध्ये ‘मॉडडीएन’ हा वेगळा हक्क आहे आणि त्याला ‘टार्गेट-फ्रॉम’ व ‘टार्गेट-टू’ लावता येतात. म्हणजे कुठून उचलायचं आणि कुठे ठेवायचं, दोन्ही बांधून टाकता येतं. जायचा एक नियम, यायचा एक.

आता माझी खरी काळजी. ‘टार्गेट-फ्रॉम’ला तुम्ही ‘ओयू=कर्मचारी’ लिहाल, कारण सोपं पडतं. त्याच ओयूत जनरल मॅनेजरही बसलेत. नोंद हलली की तिच्यावर नव्या फांदीचे नियम लागतात. ‘ऑफ सीझन’ फांदीवर पासवर्ड बदलण्याचा हक्क कोणीतरी सढळ हाताने वाटलेला असतोच, तिथे कोण बघतंय म्हणून. मग मॅनेजरची नोंद तिथे न्यायची, पासवर्ड बदलायचा, परत आणून ठेवायची. तीन पावलं, आणि तिन्ही तुमच्याच नियमांनुसार कायदेशीर! म्हणून हंगामी कामगारांसाठी वेगळी उपफांदी करा आणि ‘टार्गेट-फ्रॉम’ तेवढ्यावरच ठेवा. दोन्ही टोकांना पासवर्ड कोण बदलू शकतं याची यादी काढा. नोंदीवरच एखादा एसीआय (कोणाला काय करता येईल हे सांगणारा नियम) लिहिलेला असेल तर तो तिच्याबरोबर प्रवास करतो. उलट, दुसऱ्या एसीआयमध्ये तिचा जुना पूर्ण डीएन लिहिलेला असेल तर तो आपोआप बदलत नाही. हे सगळं प्रतीवर, चाचणी सर्व्हरवर करून बघा आणि नियम चालू करण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला वाचायला द्या. विकणाऱ्याला नव्हे.

सर्व्हर ओपनएलडॅप. नियम बरोबर आहे, तरी एरर 50 (हक्क अपुरा). (डिचोली)

नियम बरोबर असता तर 50 आला नसता. नोंदीच्या ‘एन्ट्री’वर (खुद्द नोंदीवर) लिहिण्याचा हक्क, जुन्या पालकाच्या ‘चिल्ड्रन’वर (त्याच्या खालच्या नोंदींच्या यादीवर) काढण्याचा, नव्या पालकाच्या ‘चिल्ड्रन’वर घालण्याचा, आणि नावाच्या ॲट्रिब्यूटवरही, एवढं सगळं लागतं. चोडणची फेरीबोट एकाच धक्क्यावर कशी चालेल? बहुतेकांची चूक अशी: नियम ‘डीएन डॉट चिल्ड्रन’ने लिहितात. त्यात खुद्द पालक येत नाही, आणि ‘चिल्ड्रन’चा हक्क तर पालकावरच तपासला जातो. शिवाय इथे पहिला जुळलेला नियम लागतो, वर एखादा ढोबळ नियम बसला असेल तर खालचा वाचलाही जात नाही. हक्क तपासून दाखवणाऱ्या ‘स्लॅपएसीएल’ या त्याच्याच साधनाने तपासा. तरी सुटलं नाही तर पूर्ण नियमावली क्रमासकट कोणाला तरी दाखवा. एक ओळ पाठवून निदान होत नाही.

डिरेक्टरी मॅनेजर म्हणून लॉगिन करून तपासलं, सगळं चाललं. (पेडणे)

डिरेक्टरी मॅनेजर हे सर्वाधिकारी खातं, त्याला नियम लागूच होत नाहीत. ज्याला हक्क दिलाय त्याच्या खात्याने तपासा.

हलवल्यावर माणूस ग्रुपमधून गेला. (वास्को)

गेला नाही, ग्रुपमध्ये जुना डीएन राहिला. नोंद हलली की ग्रुपमधला डीएनही बदलणारं रेफरेन्शियल इंटिग्रिटी प्लगइन चालू आहे का बघा. चालू करण्याआधी बॅकअप घ्या, आणि मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारा.

नोकरी सोडलेल्यांच्या नोंदी ‘माजी’ फांदीवर न्यायच्या आहेत. चवथ झाल्यावर केलं तर चालेल? (साखळी)

हलवणं चवथीनंतर करा, हरकत नाही. खाती मात्र आजच लॉक करा. नोंद ‘माजी’त गेली म्हणून लॉगिन थांबतं, हे ऐकीव आहे, तुमचं ॲप मुळापासून खालपर्यंत शोधत असेल तर माजी माणूसही सापडतो आणि त्याचा पासवर्डही चालतो. ॲपचा शोध कुठून सुरू होतो ते ज्याने ते बसवलं त्याला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.