ओळखपट्टी बाटलीवर हवी, झाकणावर नको

प्रश्न : किरणोत्सर्गावर देखरेख ठेवण्यासाठी गोळा केलेल्या पाण्याच्या, मातीच्या आणि दुधाच्या नमुन्यांवर हल्ली बारकोड लावतात आणि त्यांच्या सगळ्या प्रवासाची नोंद संगणक आपोआप ठेवतो, असे वाचनात आले. वर्षानुवर्षे हेच काम नोंदवहीत होत होते. मोजणी शेवटी डिटेक्टरच करणार, तर मग हा खटाटोप कशासाठी?

उत्तर : डिटेक्टरला कळते ते एवढेच, की समोर ठेवलेल्या डब्यातून अमुक वेळात अमुक ऊर्जेचे किती गॅमा किरण आपल्यापर्यंत पोचले. त्यावरून ‘एका लिटरमागे इतके बेकरेल’ (दर सेकंदाला एक अणुविघटन म्हणजे एक बेकरेल) असा आकडा काढायचा तर नमुना किती होता, कुठला होता आणि मुख्य म्हणजे केव्हा घेतला, हे बाहेरून सांगावे लागते. त्यातली वेळ ही सर्वांत नाजूक बाब. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य, म्हणजे ते विघटनाने निम्मे उरण्यास लागणारा काळ, सुमारे ८ दिवसांचे असते, त्यामुळे मोजणीच्या दिवशी मिळालेला आकडा नमुना घेतल्याच्या क्षणापर्यंत हिशेबाने मागे न्यावा लागतो. आता समजा, ३ एप्रिलला घेतलेल्या नमुन्यावर कोणी ०३/०४ असे लिहिले आणि ती नोंद पुढे उतरवणाऱ्याने ४ मार्च अशी वाचली. फरक ३० दिवसांचा, पण आयोडीनचा आकडा त्यामुळे सुमारे १३ पटींनी फुगतो. त्याच डब्यातल्या सीझियम-१३७ चे अर्धायुष्य मात्र ३० वर्षांचे, त्यामुळे तेथे हीच चूक अर्ध्या टक्क्याचाही फरक पाडत नाही आणि सीझियमचा आकडा पाहून कोणाला शंकाही येत नाही. संगणकीय व्यवस्थेत नमुना घेणारा माणूस जागेवरच बारकोड वाचून घेतो. वेळ आणि ठिकाण त्या क्षणी यंत्र नोंदवते आणि नंतर कोणाला काही उतरवून घ्यावे लागत नाही. हाताने उतरवण्याची ही पायरी गळते, हाच माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचा खरा फायदा आहे.

मात्र बारकोड कुठे चिकटवला, याला फार महत्त्व आहे. पाण्याच्या नमुन्यात बहुधा थोडे नायट्रिक आम्ल घालतात, नाहीतर त्यात विरघळलेले धातू बाटलीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतात. त्यासाठी चार-पाच बाटल्या ओळीने उघडल्या जातात, झाकणे शेजारी ठेवली जातात आणि हातात हातमोजे असतात. अशा वेळी पट्टी झाकणावर असेल तर दोन नमुन्यांची अदलाबदल होण्यास एक क्षण पुरतो, आणि त्यानंतर संगणक ती चुकीची ओळख अत्यंत निष्ठेने शेवटपर्यंत सांभाळतो. आणखी एक खबरदारी अशी, की आयोडीनसाठी घेतलेल्या पाण्यात आम्ल घालायचे नसते, कारण आयोडीन वाफ होऊन उडून जाऊ शकते. बाटली कशासाठी घेतली आहे हे तिच्या क्रमांकाशी आधीच जोडलेले असेल, तर ती आम्ल घालण्याच्या टेबलावर येताच पडद्यावर सूचना उमटते.

पुढे प्रयोगशाळेत एका नमुन्याचे अनेक भाग होतात. स्ट्रॉन्शियम-९० केवळ बीटा किरण सोडत असल्यामुळे गॅमा वर्णपटात, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती गॅमा किरण आले हे दाखवणाऱ्या आलेखात, ते दिसत नाही. ते रासायनिक रीतीने वेगळे काढावे लागते आणि त्यापासून बनणारे यिट्रियम-९० साठण्यास साधारण दोन आठवडे द्यावे लागतात. म्हणजे त्या भागाला गोळा केल्याची, वेगळे काढल्याची आणि मोजल्याची अशा तीन वेळांच्या नोंदी चिकटलेल्या असतात. मूळ बाटली आणि तिच्यापासून निघालेला प्रत्येक भाग यांचे नाते नोंदीत राहिले नाही, तर त्या आकड्याला अर्थच उरत नाही.

प्रश्न : हवेतला किरणोत्सर्ग सतत मोजणारी यंत्रे ठिकठिकाणी बसवलेली असताना नमुने गोळा करण्याची गरजच काय?

उत्तर : ही यंत्रे धोक्याची घंटा वाजवतात आणि त्या कामी ती उत्तम आहेत, पण त्यांतली बहुतेक एकूण पातळी दाखवतात, किरणोत्सर्ग कोणत्या समस्थानिकाचा (म्हणजे आयोडीन-१३१, सीझियम-१३७ अशा कोणत्या अणुप्रकाराचा) आहे ते सांगत नाहीत. साधा पाऊस पडला तरी रेडॉन या नैसर्गिक किरणोत्सर्गी वायूपासून बनलेली द्रव्ये हवेतून धुऊन खाली येतात आणि पातळी काही वेळ वाढते. अत्यल्प प्रमाण ओळखायचे तर खूप हवा गाळून तो गाळणीकागद शांतपणे मोजावा लागतो. अणुचाचण्यांवर सर्वंकष बंदी घालणाऱ्या कराराच्या देखरेख जाळ्यात अशी ८० केंद्रे योजलेली आहेत; तेथे २४ तास हवा गाळतात, रेडॉनची अल्पायुषी संतती विरून जावी म्हणून साधारण २४ तास थांबतात आणि मग २४ तास मोजतात. काही केंद्रांत कागद पुढे सरकवणे आणि त्यावर बारकोड लावणे हेदेखील यंत्रच करते. २०१७ च्या शरद ऋतूत युरोपात अनेक ठिकाणी रुथेनियम-१०६ आढळले ते अशाच गाळणीकागदांवर. उगम कोणत्या दिशेला असावा, याचा अंदाज कोणता कागद कुठे आणि कोणत्या तासांत हवेत होता हे वाऱ्याच्या नोंदींशी ताडून बांधता आला. कागदांच्या वेळांचा घोळ झाला असता तर मोजलेले आकडे अचूक असूनही त्या कामी आले नसते.

प्रश्न : बारकोडऐवजी रेडिओ-चिप वापरली तर?

उत्तर : वापरतात, पण पाणी आणि धातू तिच्या लहरींना अडथळा करतात, आणि या प्रयोगशाळांत पाण्याच्या बाटल्या व शिशाच्या जाड भिंती यांना तोटा नसतो. छापील पट्टी स्वस्त पडते आणि क्रमांक डोळ्यांनीही वाचता येतो. फक्त ती उष्णतेने काळी पडणाऱ्या पावतीच्या कागदावर छापू नये.

प्रश्न : अशा व्यवस्थेतूनही चुकीचा आकडा बाहेर पडू शकतो का?

उत्तर : पडू शकतो. बारकोड बरोबर वाचला पण डबा शेजारच्या डिटेक्टरवर ठेवला, किंवा मोठ्या डब्यासाठी केलेले अंशांकन (डिटेक्टरची ज्ञात नमुन्याशी घातलेली जुळणी) छोट्या डब्याला लावले, असे घडते. म्हणून चांगली व्यवस्था नोंदींची आपसात पडताळणी करते : मोजणीची वेळ नमुना घेण्याच्या वेळेआधीची तर नाही ना, वजन दिलेल्या मर्यादेत आहे ना, हे ती पाहते. मला सर्वांत आवडते ती पडताळणी दुधाची. दुधात नैसर्गिक पोटॅशियम भरपूर असते आणि त्यातल्या पोटॅशियम-४० मुळे लिटरमागे साधारण ५० बेकरेल कायमच मिळतात. पट्टीवर ‘दूध’ लिहिलेले आहे आणि वर्णपटात पोटॅशियम-४० च्या गॅमा किरणांच्या ऊर्जेपाशी, म्हणजे १४६१ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी, शिखरच नाही, तर डब्यात बहुधा पाणी आहे. अशा वेळी निकाल रोखला जातो, डबा उघडून पाहिला जातो, आणि जुनी नोंद न पुसता तिच्याखाली दुरुस्ती, कारण आणि दुरुस्ती करणाऱ्याची ओळख नोंदवली जाते.