व्हीव्हीटीला बटण लावू का?

प्रश्न : सर, माझी पेट्रोल गाडी आहे, व्हीव्हीटीवाली (म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ चालताना बदलणारी). काही महिन्यांपासून आयडलला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) नुसती थरथरते आणि यवतेश्वरचा घाट चढताना दुसऱ्यावर ताणली की वरच्या आरपीएमला दमच राहत नाही. चेक इंजिनची लाईट लागली, स्कॅनरवर पी 0011 आला. गॅरेजवाला म्हणतो व्हीव्हीटीचं सगळं किट बदला. मेव्हणा म्हणतो कशाला, व्हीव्हीटीच्या सॉलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला) डायरेक्ट 12 व्होल्टचं बटण दे, घाट आला की दाबायचं. चालेल का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : मेव्हण्यांना चहा पाजा, पण वायरला हात लावू देऊ नका 😀 पी 0011 म्हणजे इनटेक कॅम (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पाहिजे त्यापेक्षा जास्त अॅडव्हान्स झालाय, म्हणजे व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि लवकर बंद होतो, आणि ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) सांगूनही मागे येत नाहीये. बहुतेक गाड्यांत सॉलेनॉइडला फुल सप्लाय दिला की कॅम अजून अॅडव्हान्सच होतो, म्हणजे जे दुखणं आहे तेच तुम्ही बटण दाबून वाढवणार.

तुमची दोन्ही लक्षणं याच्याशी जुळतात बघा. आयडलला इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदम उघडे राहायला नकोत, कॅम पुढे अडकला की ते राहतात, जळालेला गॅस परत आत येतो आणि गाडी थरथरते. कमी आरपीएमला लोड आला तर अॅडव्हान्स चांगलाच, कारण इनटेक लवकर बंद होतो, आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलत नाही, टॉर्क मिळतो. पण 5000 आरपीएमला उलटं, तिथे पिस्टन वर निघाला तरी हवा वेगामुळे आत येतच असते म्हणून व्हॉल्व्ह उशिरा बंद व्हावा लागतो, तुमचा होत नाही म्हणून दम जातो. एकाच वळणावर गाडी यातल्या दोन-तीन अवस्थांतून जाते, तुम्ही बटण तरी किती वेळा दाबणार?

ईसीयू काय करतो, तर क्रँक आणि कॅम सेन्सर बघून कॅम आत्ता किती अंशावर आहे ते काढतो, आरपीएम आणि लोडवरून किती पाहिजे ते ठरवतो आणि सॉलेनॉइडला भराभर चालू-बंद करत राहतो. साधारण निम्मा वेळ चालू असेल तर कॅम आहे तिथे थांबतो, जास्त असेल तर पुढे, कमी असेल तर मागे. पण कॅमला प्रत्यक्ष फिरवतं ते इंजिन ऑइल! सॉलेनॉइडचा व्हॉल्व्ह फक्त पाटाचं पाणी या सरीतून त्या सरीत वळवावं तसं ऑइल फेजरच्या (कॅमच्या टोकाला बसवलेला, त्याला पुढे-मागे फिरवणारा भाग) या बाजूला नाहीतर त्या बाजूला सोडतो. म्हणून किटच्या आधी मला सांगा, गेल्या वेळी ऑइल कुठलं टाकलं? मॅन्युअलमध्ये 0डब्ल्यू-20 लिहिलेलं असताना "आपल्याकडे गरमी असते" म्हणून 20डब्ल्यू-50 ओतणारे कमी नाहीत, आणि तेच लोक नंतर किट विकतात.

आधी डिपस्टिकवर लेव्हल बघा, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर टाका. मग सॉलेनॉइड काढून जाळी आणि आतला व्हॉल्व्ह साफ करून घ्या, गाळाने तो अडकतो. त्या 12 व्होल्टचा उपयोग इथे आहे, पण मेकॅनिकच्याच हाताने: इंजिन गरम, आयडलला, कनेक्टर काढून क्षणभर सप्लाय दिला तर चांगली सिस्टीम अडखळते किंवा बंदच पडते. काहीच फरक पडला नाही तर सॉलेनॉइड नाहीतर फेजर अडकलेला. सोबत पी 0016 (क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही) पण येत असेल तर टायमिंग चेन ढिली झालीय का बघा. फेजर सगळ्यात शेवटी.

प्रश्न : सकाळी गार गाडी स्टार्ट केली की दोन सेकंद खडखड येते, मग शांत. घाबरायचं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : लगेच घाबरू नका. इंजिन बंद होताना फेजरमधली लॉक पिन त्याला मूळ जागेवर धरते, ती झिजली तर ऑइलचं प्रेशर येईपर्यंत फेजर आत आपटत राहतो. स्वस्तातला ऑइल फिल्टर असेल तरी हेच होतं, रात्रीत सगळं ऑइल खाली उतरून जातं, म्हणून आधी चांगला फिल्टर टाकून बघा. आवाज लांबायला लागला किंवा गरम इंजिनलाही यायला लागला तर मात्र टायमिंग चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर दाखवून घ्या, तिथे चालढकल नको.